शाळेतील आरोग्य कक्षाची नियमावली: प्रथमच जबाबदारी घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

शाळेत आरोग्य कक्ष सुरू करायचे ठरले की चर्चा बहुधा खोली कोणती द्यायची, खाट कुठून मिळेल आणि उद्घाटनाला कोणाला बोलवायचे यावरच रेंगाळते. नियमावली नंतर सवडीने लिहू, असे ठरते. हा क्रम उलटा असायला हवा. मधल्या सुट्टीत पडलेल्या मुलाला कोणी सांभाळायचे, फोन कोणी करायचा, कोणती गोळी द्यायची आणि कोणती अजिबात द्यायची नाही, हे प्रश्न पहिल्याच दिवशी उभे राहतात. कागदावर उत्तर नसेल, तर त्या क्षणी जवळ असलेल्या मोठ्या माणसाच्या मनाला येईल तो नियम ठरतो. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या, अनुदानित किंवा खासगी शाळेत ही जबाबदारी प्रथमच अंगावर आलेले मुख्याध्यापक, शिक्षक, समिती सदस्य आणि नव्याने रुजू झालेल्या परिचारिका यांच्यासाठी हा लेख आहे.

शालेय आरोग्य तपासणीची आपल्याकडील परंपरा जुनी आहे. भारतात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी प्रथम १९०९ मध्ये बडोद्यात झाली. आज जे पथक शाळांत येते, त्यामागील राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. हे पथक शाळेत वर्षातून एकदा येते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा मात्र पहिली ते पाचवीसाठी किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीसाठी किमान २२० दिवस भरते. पथक निघून गेल्यावर उरणाऱ्या या सगळ्या दिवसांसाठी नियमावली लिहायची आहे.

पहिली पायरी: कक्ष काय करणार नाही, ते आधी लिहा

शाळेचा आरोग्य कक्ष म्हणजे दवाखाना नव्हे. त्रास ओळखणे, मुलाला सुरक्षित ठेवणे, घरच्यांना कळवणे आणि योग्य ठिकाणी पाठवणे ही त्याची चार कामे आहेत. निदान करणे, प्रतिजैविके देणे, इंजेक्शन टोचणे, सलाईन लावणे, टाके घालणे किंवा मुलाला शाळा सुटल्यानंतरही ठेवून घेणे ही त्याची कामे नाहीत. नियमावलीच्या पहिल्याच पानावर ही मर्यादा स्पष्ट शब्दांत यावी, कारण हौसेने केलेला उपचार हाच शाळेतील कक्षाचा सर्वांत मोठा धोका असतो. पोटदुखीला एक गोळी दिली, मूल शांत झाले, वर्गात जाऊन बसले, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर अपेंडिक्सचे दुखणे वाढलेले निघाले, असे घडू नये म्हणून ही मर्यादा आखायची असते.

शाळेत परिचारिका पूर्णवेळ असेल, आठवड्यातून दोन दिवस येत असेल किंवा मुळीच नसेल, या तिन्ही स्थितींत मर्यादा वेगळी राहते. म्हणून प्रत्येक नियमाला ‘परिचारिका हजर असताना’ आणि ‘हजर नसताना’ असे दोन भाग ठेवावेत. बहुतेक नियमावल्या परिचारिका कायम हजर आहे असे गृहीत धरून लिहिल्या जातात आणि तिच्या सुट्टीच्या दिवशी निरुपयोगी ठरतात. नेमणूक करताना परिचारिकेची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील आणि भेट देणाऱ्या डॉक्टरांची त्यांच्या वैद्यक परिषदेकडील नोंदणी तपासून तिचा क्रमांक दप्तरी ठेवावा.

दुसरी पायरी: नियम कोणी लिहायचे आणि जबाबदारी कोणाची

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. नियमावलीला या समितीचा ठराव घ्यावा. विनाअनुदानित शाळांनी हेच काम शिक्षक-पालक संघासमोर करावे. मसुदा तयार करताना जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, गावातील आशाताई आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताई यांच्याशी बोलावे. कोणते मूल ताटात काय टाकून देते, कोणाला अंडे खाल्ले की अंगावर गांधी उठतात, हे स्वयंपाकघरात मुख्याध्यापकांच्या दालनापेक्षा आधी कळते.

फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतून दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. असे शिक्षक शाळेत असतील तर तेच कक्षाचे पहिले आणि दुसरे जबाबदार ठरवावेत. नियमात पद लिहावे आणि सोबतच्या तक्त्यात नाव लिहावे, म्हणजे बदली झाली की तक्ता तेवढा बदलता येतो. तिसरे नावही हवेच, कारण निवडणुकीचे किंवा प्रशिक्षणाचे काम लागले की दोन्ही शिक्षक एकाच दिवशी बाहेर असू शकतात.

या तक्त्यात कपाटाच्या किल्लीचा उल्लेख आवर्जून करावा. औषधांच्या कपाटाला कुलूप असलेच पाहिजे, मात्र एकुलती एक किल्ली लिपिकाच्या जुडग्यात असेल आणि ते पगारबिलासाठी तालुक्याला गेले असतील, तर कुलूपबंद कपाट कुचकामी ठरते. म्हणून औषधांचे कपाट कुलपात आणि प्रथमोपचार पेटी कायम उघडी, सर्वांना दिसेल अशा जागी, असा वेगळा नियम करावा. पेटीत ओआरएस सोडून पोटात घ्यायचे एकही औषध ठेवू नये. कापूस, निर्जंतुक गॉज, पट्ट्या, चिकटपट्टी, कात्री, हातमोजे, थर्मामीटर आणि ओआरएसची पाकिटे एवढे तिच्यात पुरते.

तिसरी पायरी: प्रवेशाच्या वेळचे आरोग्यपत्रक आणि संमती

जूनमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याचे एक पानी आरोग्यपत्रक भरून घ्यावे. त्यात पालकांचे दोन चालू फोन क्रमांक, ते न लागल्यास बोलावता येईल असा तिसरा माणूस, आधीचे आजार, नियमित औषधे, कोणत्या औषधाची किंवा पदार्थाची अॅलर्जी आणि झालेली लसीकरणे एवढे असावे. धनुर्वात आणि घटसर्पाची टीडी लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी दिली जाते, म्हणून पाचवी आणि दहावीच्या सुमारास तिची वेगळी चौकशी करावी. ऊसतोड किंवा वीटभट्टीच्या हंगामात पालक स्थलांतर करतात अशा गावांत दिवाळीनंतर फोन क्रमांक पुन्हा तपासण्याचा नियम करावा.

‘शाळा करील त्या सर्व उपचारांना माझी संमती आहे’ असे सरसकट संमतीपत्र घेऊ नये. त्यातून पालकांना काही कळत नाही आणि शाळेलाही संरक्षण मिळत नाही. जखम धुऊन पट्टी बांधणे, तापात पॅरासिटामॉल देणे, वार्षिक तपासणी, जंताची गोळी, लोहगोळी आणि तातडीच्या वेळी रुग्णालयात नेणे अशा स्वतंत्र ओळी करून प्रत्येकीसमोर ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहून घ्यावे. ज्या पालकांना वाचता येत नाही त्यांना पालकसभेत पत्रक वाचून दाखवावे आणि वाचून दाखवणाऱ्याचीही सही घ्यावी. जिवावर बेतले असताना पालकांशी संपर्क होत नसेल, तर संमतीसाठी थांबून राहण्याची गरज नाही. अशा प्रसंगी मुलाच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेचे कलम ३० संरक्षण देते. नियमावलीत हे ठळकपणे लिहावे, कारण पालक येईपर्यंत थांबू या म्हणण्यात मोलाचा वेळ जातो.

चौथी पायरी: औषधांचे नियम

या भागावर सर्वांत जास्त वेळ खर्च करावा. कक्षात ठेवायच्या औषधांची यादी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून सहीनिशी घ्यावी आणि यादीबाहेरचे एकही औषध, मग ते कोणी सद्भावनेने भेट दिलेले का असेना, आत येऊ देऊ नये. उरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या शाळेला देण्याची अनेकांना सवय असते. त्या आदराने पण ठामपणे परत कराव्यात. यादी जितकी लहान तितकी चांगली. ओआरएस, पॅरासिटामॉल, जखमेसाठी जंतुनाशक मलम आणि डॉक्टरांनी सुचवलेले आणखी एखादे औषध यांवर बहुतेक शाळांचे भागते. अॅस्पिरिन सोळा वर्षांखालील मुलांना देऊ नये, हे यादीखालीच लिहून ठेवावे.

पॅरासिटामॉलचे उदाहरण जरा नीट पाहू, म्हणजे नियम किती बारकाईने लिहावा लागतो ते कळेल. हे औषध मुलाच्या वजनावर दिले जाते, दर किलोला साधारण १५ मिलिग्रॅम. बाजारात पातळ औषधाच्या ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन ताकदीच्या बाटल्या मिळतात. वीस किलोच्या मुलाला ३०० मिलिग्रॅम हवे असतील, तर पहिल्या बाटलीतून १२ मिलिलिटर आणि दुसरीतून केवळ ६ मिलिलिटर द्यावे लागते. दोन्ही बाटल्या एकाच फळीवर असतील तर दुप्पट किंवा निम्मा डोस जाणे सहज शक्य आहे. म्हणून नियम असा हवा: ‘कक्षात एकाच ताकदीचे पातळ पॅरासिटामॉल राहील. वजनानुसार मात्रेचा डॉक्टरांनी सही केलेला तक्ता कपाटाच्या दाराला आतून लावलेला असेल. औषध देण्यापूर्वी ताप आणि वजन मोजून नोंदवले जाईल. घरी सकाळी हेच औषध दिले आहे का, हे पालकांना फोन करून विचारले जाईल. फोन लागला नाही तर औषध दिले जाणार नाही, आणि एका मुलाला एका दिवसात शाळेत एकच मात्रा दिली जाईल.’ घरच्या डोसाची चौकशी वगळली जाते, ती वगळू नये. ताप दडवून मूल शाळेत पाठवायचे म्हणून सकाळीच औषध पाजलेले असते आणि दोन डोसांत चार ते सहा तासांचे अंतर हवे असते.

मुलाचे स्वतःचे औषध शाळेत द्यायचे असेल, तर डॉक्टरांची चिठ्ठी, पालकांचे पत्र आणि मूळ वेष्टनातील औषध या तीन गोष्टी एकत्र आल्याशिवाय ते स्वीकारू नये. याला अपवाद दम्याच्या पंपाचा. पंप मुलाच्या खिशात किंवा दप्तरातच राहिला पाहिजे. तो कुलपात ठेवण्याचा नियम जिवावर बेतू शकतो.

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांना वर्गात साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावे आणि वेळेवर खाऊ द्यावे, असे राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना कळवले आहे. अशा प्रत्येक मुलासाठी डॉक्टरांकडून अर्ध्या पानाची स्वतंत्र योजना घ्यावी. घाम, थरथर, चिडचिड किंवा गोंधळ दिसला आणि रक्तातील साखर ७० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली असली, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, हे वर्गशिक्षकांनाही पाठ हवे. तपासण्याचे यंत्र हाताशी नसेल तर साखर आधी द्यावी. मूल बेशुद्ध असेल तर तोंडातून काहीही देऊ नये. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांसाठीही अशी योजना लागते. त्यांना हवे तेव्हा पाणी पिऊ द्यावे, भर उन्हात धावण्याची सक्ती करू नये आणि लोहगोळी डॉक्टरांना विचारूनच द्यावी.

पाचवी पायरी: शासकीय कार्यक्रमांच्या गोळ्या

जंतनाशक दिन १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला असतो. त्या दिवशी अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी शिक्षकांसमोर चावून खायला लावावी. आजारी मुलाला ती त्या दिवशी देऊ नये, राहून गेलेल्यांसाठीच्या पुढील फेरीत द्यावी. साप्ताहिक लोहगोळी प्राथमिकच्या मुलांसाठी गुलाबी आणि किशोरवयीनांसाठी निळी असते. उपाशीपोटी घेतल्यास मळमळते, आणि एका मुलीला उलटी झाली की पाहता पाहता अर्धा वर्ग पोट धरून बसतो. म्हणून गोळी परिपाठाच्या वेळी न देता पोषण आहारानंतर द्यावी, घरी नेऊ देऊ नये, आणि शौचाचा रंग काळपट होणे अपायकारक नाही हे पालकांना आधीच सांगावे. एवढे सांगितले नाही तर दुसऱ्या दिवशी गोळीविरुद्ध गावभर बोलले जाते.

सहावी पायरी: तातडीचे प्रसंग

१०८ ला कधी फोन करायचा याची यादी भिंतीवर मोठ्या अक्षरांत असावी: बेशुद्धी, श्वासाचा त्रास, न थांबणारा रक्तस्राव, पाच मिनिटांहून लांबलेली आकडी, डोक्याला मार लागून उलटी होणे, सर्पदंश, मोठे भाजणे. यादीतले काहीही दिसले तर जवळचा कोणताही शिक्षक स्वतः फोन करील, मुख्याध्यापकांच्या परवानगीसाठी थांबणार नाही, असे स्पष्ट लिहावे. फोनवर सांगायचा शाळेचा पत्ता, ओळखीची खूण आणि रस्ता त्याच कागदावर छापलेला असावा, कारण घाबरलेल्या माणसाला रोजचा रस्ताही सांगता येत नाही.

काय करू नये, हेही त्याच ठिकाणी लिहावे. आकडी आलेल्या मुलाला कांदा किंवा चप्पल हुंगवू नये आणि दातांमध्ये चमचा घालू नये. त्याला कुशीवर वळवावे, आजूबाजूचे बाक हलवावेत आणि घड्याळ पाहावे. सर्पदंशात दोरी आवळून बांधू नये, जखम कापू नये, मांत्रिकाकडे नेऊ नये. मुलाला न चालवता आणि दंश झालेला भाग न हलवता थेट रुग्णालयात न्यावे. सर्पविषावरील लस जवळ कोणत्या केंद्रात मिळते, याची चौकशी पावसाळ्याआधी करून नाव भिंतीवर लिहावे. भाजल्यावर टूथपेस्ट किंवा शाई न लावता वीस मिनिटे वाहते पाणी धरावे. नाकातून रक्त आल्यास मुलाला पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे दाबून धरावा.

किरकोळ आजारी मुलाला घरी पाठवण्याचा नियमही याच भागात यावा. ‘आजारी मुलाला घरी पाठवावे’ एवढेच लिहिले की एखाद्या दुपारी तापाने फणफणलेली चौथीतली मुलगी पाचवीतल्या भावाबरोबर एकटी चालत घरी निघते. ‘मुलाला पालक किंवा आरोग्यपत्रकावर नोंदवलेली व्यक्तीच नेईल, तिची सही आणि वेळ नोंदवहीत घेतली जाईल, तोपर्यंत मूल कक्षात मोठ्या माणसाच्या नजरेसमोर राहील’ असे लिहावे.

सातवी पायरी: नोंदी, खासगीपणा आणि बालसंरक्षण

नोंदवहीत तारीख, वेळ, नाव व इयत्ता, तक्रार मुलाच्याच शब्दांत, काय पाहिले, काय केले, कोणाला कळवले आणि सही असे रकाने आखावेत. ‘डोके दुखते, गोळी दिली’ ही नोंद निरुपयोगी आहे. ‘सकाळी ११.२०, सहावी अ, “फळ्यावरचं दिसत नाही, मग डोकं दुखतं”, ताप नाही, सकाळी न्याहारी केली आहे, औषध दिले नाही, वर्गशिक्षकांना व आईला कळवले, दृष्टी तपासणीच्या यादीत नाव घेतले’ ही नोंद त्या मुलाला चष्म्यापर्यंत नेते. महिन्याअखेरीस वही उलटून एकच मूल वारंवार येते आहे का, सोमवारीच येते का, गणिताच्या तासालाच येते का, हे पाहण्याचा नियम करावा.

ही वही उघड्या टेबलावर ठेवू नये. आरोग्याची माहिती व्हॉट्सअॅपच्या पालकगटावर टाकू नये आणि तपासणी शिबिराचे मुलांचे चेहरे दिसणारे फोटो प्रसिद्ध करू नयेत. वजन-उंची मोजताना आकडे मोठ्याने पुकारू नयेत. जाड किंवा हडकुळ्या मुलाला वर्गभर चिडवले जाण्याची सुरुवात तेथूनच होते. तपासणी पडद्याआड व्हावी आणि मुलीच्या तपासणीच्या वेळी स्त्री कर्मचारी हजर असावी. कोणत्याही मुलाबरोबर एकच मोठा माणूस बंद दाराआड राहणार नाही, हा नियम भेट देणाऱ्या डॉक्टरांनाही लागू करावा. किशोरवयीन मुलामुलींना शरीराबद्दल किंवा मनाबद्दल बोलायचे असेल, तर शासकीय रुग्णालयांतील मैत्री क्लिनिक आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या शासकीय फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक यांची माहिती स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूस लावावी, म्हणजे कोणाला न विचारता ती वाचता येते.

खासगीपणाला एक मर्यादा आहे आणि ती प्रत्येक कर्मचाऱ्याने शिकून घ्यावी. ‘तू सांगितलेले मी कोणालाही सांगणार नाही’ असे वचन मुलाला कधीही देऊ नये. पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती किंवा भीती असेल, तर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा कलम २१ प्रमाणे गुन्हा आहे आणि संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुख्याध्यापकांना सांगितले म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे होत नाही. मुलाचे म्हणणे शांतपणे ऐकावे, पुन्हा पुन्हा उलटतपासणी करू नये, त्याचेच शब्द लिहून ठेवावेत, संशयित व्यक्ती शाळेतली असली तरी संस्थेअंतर्गत चौकशीची वाट पाहू नये, आणि मुलाची ओळख कोणापुढेही उघड करू नये. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक कक्षात लावलेला असावा. मुलाला आधी एवढेच सांगावे: ‘तुला सुरक्षित ठेवण्यासाठी ज्यांना सांगावे लागेल, तेवढ्यांनाच मी सांगेन.’

आठवी पायरी: कचरा

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ शाळांच्या प्रथमोपचार कक्षांनाही नावानिशी लागू आहेत, हे पुष्कळ शाळांना ठाऊक नसते. रक्ताने भिजलेला कापूस, पट्ट्या आणि मुदत संपलेली औषधे पिवळ्या पिशवीत, वापरलेले हातमोजे लाल पिशवीत आणि साखर तपासण्याच्या सुया छिद्र न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकाव्यात. मैदानाच्या कडेला खड्ड्यात जाळण्याची पद्धत बंद करावी. प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि कचरा उचलण्याची व्यवस्था यांबाबत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मदतीने अर्ज करावा.

नववी पायरी: मंजुरी, सराव आणि दुरुस्ती

मसुदा सहा-सात पानांपेक्षा मोठा होऊ देऊ नये. समितीचा ठराव झाल्यावर पालकसभेत तो वाचून दाखवावा आणि मुख्याध्यापक, समितीचे अध्यक्ष व परिचारिका यांच्या सह्या घ्याव्यात. एक प्रत कक्षात, एक शिक्षक खोलीत आणि एक प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यावी.

त्यानंतर, शक्यतो परिचारिका नसलेल्या दिवशी, न सांगता एक सराव घ्यावा. एका शिक्षकाने मैदानावर बसून ‘मुलाला आकडी आली आहे’ असे सांगावे आणि दुसऱ्याने घड्याळ लावून बघत राहावे: पहिला माणूस किती वेळात पोचला, पेटी कोणी आणली, फोन कोणी केला, बाकीच्या मुलांना बाजूला कोणी घेतले, आरोग्यपत्रक सापडले का. जेथे अडले तो नियम त्याच आठवड्यात बदलावा आणि बदलाची तारीख समासात लिहावी. दर वर्षी मे महिन्यात नोंदवही समोर ठेवून नियमावली पुन्हा वाचावी, मुदत संपत आलेली औषधे काढावीत आणि शाळा उघडण्यापूर्वी नव्या शिक्षकांची नावे तक्त्यात भरावीत.